हंडा मोर्चा काढला, आलो अकरा जण

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आम्ही राहतो ते शहराच्या पार टोकाला. पूर्वी ग्रामपंचायत होती, मग पालिकेत घेतलं. (शहराचं नाव मुद्दाम टाळतोय, आणि कुठला पक्ष कुठला आमदार हेही इथे नको, त्यावरच धागा भरकटतो.) पालिकेत गेलो तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, आता नळाला पाणी येणार म्हणून. घरपट्टीचं बिल आलं, पाणी आलं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दिवसाआड येतं, वीस-पंचवीस मिनिटं, तेही चावीवाल्याच्या मनात येईल तेव्हा, कधी पहाटे साडेचारला तर कधी भर दुपारी, म्हणजे घरात कुणीतरी कायम कानोसा घेत बसायचं. बाकी सगळं टँकरवर. १४० फ्लॅट आहेत, टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये लावतात त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

दोन वर्षांत नऊ निवेदनं दिली. टाईप मी केली, सह्यांसाठी जिने मी चढलो. साहेब कधी मीटिंगला, कधी साईटवर, कधी "चार्ज माझ्याकडे नाही". नगरसेवकाकडे जावं म्हटलं तर २०२२ ला मुदत संपल्यानंतर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक, आणि प्रशासकाला काय, त्याला कुठे मतं मागायला यायचंय.

शेवटी हंडा मोर्चा ठरवला. ग्रुपवर २१२ जण आहेत, मेसेजला ६४ अंगठे आले, दोघांनी तर मुठी आवळलेले इमोजी टाकले. वार कुठला ठेवायचा यावर तीन दिवस वाद. मधल्या वारी ठेवला तर सगळे ऑफिसला, शनिवारी ठेवला तर पालिका बंद. शेवटी शनिवार. आलो किती? अकरा. मी, बायको, मुलगी (तिला तिथून पुढे क्लासला जायचं होतं), बी विंगमधले दोन रिटायर्ड काका, तळमजल्यावरच्या तीन काकू (ज्यांच्याकडे त्यातल्या त्यात पाणी चढतं!), आमचा इस्त्रीवाला, वॉचमनची बायको आणि तिचा मुलगा. हंडा मोर्चात हंडा एकच, तो वॉचमनच्या बायकोचा, पितळी, डोक्यावर घेऊन आली होती. बाकीच्यांकडे प्लास्टिकच्या बादल्या आणि एकाकडे वीस लिटरचा जार. गेटवर कुलूप. निवेदन कुणाला दिलं तर पालिकेच्या वॉचमनला. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "पाण्याचा प्रॉब्लेम तर आमच्याकडे पण आहे साहेब."

एका लोकल चॅनेलचा मुलगा मोबाईल घेऊन आला होता, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "एवढेच का?" ते फार लागलं.

तर प्रश्न दोन. माणसं येत का नाहीत? पाणी तर सगळ्यांनाच नाहीये ना. आणि दुसरं, शांततेने निवेदन-मोर्चा-घोषणा याचा या लोकांवर काडीचा तरी परिणाम होतो का, की आपण आपली हौस भागवून घेतो?

खडूस_म्हातारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही होत.

मुळशी सत्याग्रह ऐकून असाल. १९२१, रामनवमीला सुरू झाला, सेनापती बापट पुढे, मावळातली साधी माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. काय झालं? धरण झालं. शंभर वर्षं उलटली, मुळशीचं पाणी अजून घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातंय. तेव्हा इंग्रज होते म्हणाल. मग आता कोण आहेत? आपलेच आहेत ना, मग आपल्या माणसाला पाण्यासाठी हंडा घेऊन कुलपापुढे का उभं राहावं लागतं.

एकदा हायवेवर अर्धा तास बसा. साहेब सापडत नाहीत ना, पळत येतील, शर्ट बाहेर लोंबत असलेला. आमच्या तालुक्यात बघितलंय मी. आणि ते अंगठे टाकणारे ६४ जण तुमच्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकले की पहिली शिवी तुम्हालाच घालतील हेही लिहून ठेवा.

पावसाळी_ढग

वाचनखूण साठवली. आमच्याकडे फक्त पाण्याऐवजी कचरा, बाकी कथा सेम टू सेम.

चुनाभट्टीकर

खडूसकाका, मुळशीचं खरं आहे, पण मी डोळ्यांनी बघितलेलं एक सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

मार्च २०१८. किसान लाँग मार्च. नाशिकहून ६ तारखेला निघालेले, किसान सभेचे, १८० किलोमीटरच्या आसपास चालत, कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत ११ ला आमच्या इथे सोमय्या मैदानावर पोचले. बहुतेक आदिवासी, सुरगाणा, पेठ, दिंडोरी त्या बाजूचे. मुख्य मागणी वनजमिनीची. २००६ चा वनहक्क कायदा आहे, कसताय ती जमीन नावावर करायची असं त्यात आहे, आणि हे लोक वर्षानुवर्षं दावे टाकून हेलपाटे मारतायत. निघताना कमी होते, वाटेत गावंच्या गावं मिळत गेली, मुंबईत पोचेपर्यंत तीस-पस्तीस हजारांच्या वर.

मी त्या दिवशी सकाळी वैतागलेलो होतो हे कबूल करतो. सोमवारी डेडलाईन, त्यात ट्रॅफिकचे मेसेज येत होते. संध्याकाळी आई म्हणाली चल बघून येऊ, बिस्किटं घेऊन जाऊ. मैदानाच्या कडेला एक आजी बसलेली, साठीची असेल नाहीतर पंचेचाळीसची, सांगता येत नाही. चप्पल नव्हती. म्हणजे होती, तुटलेली, सुतळीने बांधलेली, ती तिने पिशवीत ठेवली होती. तळव्याची कातडी पापुद्रा सुटावा तशी सुटलेली. आईने बिस्किटाचा पुडा दिला तर तिने अर्धा काढून घेतला आणि अर्धा परत केला, "मागं लई माणूस हाय, त्यांना द्या." आई घरी येऊन स्वतःच्या दोन जोडी चपला घेऊन परत गेली. बिल्डिंगमधल्या ज्या बाईंनी दहा वर्षांत जिन्यातला बल्ब बदलायला वर्गणी दिलेली नाही त्यांनी पोहे करून पाठवले, मी बघितलेत ते पोहे.

आणि मग रात्री ते निघाले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर पोरं अडकली असती, म्हणून दिवसभर चालून आलेली माणसं मध्यरात्रीनंतर परत उठून चालायला लागली, आझाद मैदानापर्यंत. मी गॅलरीतून बघत होतो. लाल टोप्या, लाल झेंडे, आणि आवाज फक्त पावलांचा. एवढी माणसं आणि एवढं शांत मी परत कधी ऐकलं नाही.

१२ ला सरकारने लेखी आश्वासन दिलं. परत जायला रेल्वेने स्पेशल गाड्या सोडल्या. म्हणजे काका, हायवेवर टायर न जाळता झालं.

आता पुढचंही सांगतो, नाहीतर गोष्ट गोड होईल. २०१९ च्या फेब्रुवारीत तेच लोक परत नाशिकहून निघाले, कारण लेखी दिलेलं बरंचसं कागदावरच. २०२३ च्या मार्चमध्ये परत, दिंडोरीहून, या वेळी कांद्याचा भावही होता मागण्यांत. तेव्हा वाशिंदला थांबले, सरकारने घोषणा केली, पण तिथल्याच मुक्कामात एका शेतकऱ्याचा जीवही गेला. एकाच गोष्टीसाठी तीनदा चालायचं. म्हणून शांततेने होतं का याचं माझं उत्तर असं की होतं, पण तुम्ही परत येणार आहात हे समोरच्याला पक्कं माहीत असेल तर.

आणि त्या बिल्डिंगवाल्या बाईंचा विचार करा. ती बाई निर्विकार नव्हती. तिला तोवर कुणी पोहे करायला सांगितलंच नव्हतं.

खडूस_म्हातारा

त्या मोर्चामागे कित्येक दशकांची संघटना आहे, पाड्यापाड्यावर माणूस आहे. इथे तिसऱ्या मजल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फरक आहे की नाही?

चुनाभट्टीकर

आहे ना. तेच म्हणतोय. अंगठ्याला पाय नसतात.

नाव_नको_प्लीज

मी तुमच्या त्या न आलेल्या २०१ जणांतली समजा. तुमच्या सोसायटीत राहत नाही पण आमच्याकडेही असाच एक मोर्चा झाला होता आणि मी गेले नव्हते, आणि ग्रुपवर "फुल सपोर्ट" लिहिलं होतं, तर का ते सांगते, शिव्या घाला हवं तर.

एक, आम्ही भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. घरमालक म्हणाला होता सोसायटीच्या भानगडीत पडू नका. दोन, नवऱ्याचा पासपोर्ट रिन्यूअलला होता. जमावबंदी लागू आहे का नाही हे कुणाला माहीत असतं? कुणी फोटो काढला, कुणी गुन्हा टाकला, पोलीस व्हेरिफिकेशनला अडकलं तर? तुम्हाला हसू येईल, पण चार घरांत हीच चर्चा होती. तीन, हे सगळ्यात खरं, आम्हाला परवडतं. टँकरचे महिन्याला हजार-बाराशे जातात, टोचतात पण जातात. लाईट गेली की इन्व्हर्टर, पाणी खराब आलं की फिल्टर, सरकारी शाळा नको म्हणून प्रायव्हेट, सरकारी दवाखाना नको म्हणून मेडिक्लेम. आम्ही एकेक करून सगळ्यातून पैसे भरून सुटलोय. मग मोर्चाला कशाला जाऊ? ज्याला सुटता येत नाही तो जातो. तुमच्या अकरा जणांत वॉचमनची बायको आणि इस्त्रीवाला होता हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांना टँकरचं पाणी मिळतं का हो? आमच्याकडे वॉचमनला मिळत नाही, "सोसायटीच्या मेंबरसाठी" म्हणून.

तिसरा_मजला

नाव नको, शिव्या कसल्या, थँक्यू. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, आत्ता खाली जाऊन विचारून आलो. मिळत नाही. गेटजवळ बाहेरचा नळ आहे तो टँकर आला की बंद ठेवतात. हा ठराव आमच्याच कमिटीत झालाय, त्यावर माझी सही आहे, मला आठवतही नव्हतं.

गोरेगावची_नात

मला एवढं मोठं काही माहीत नाही पण माझी आजी १९७२ च्या लाटणे मोर्चात होती, तर तिच्याकडून शंभर वेळा ऐकलेलं लिहिते.

तेव्हा दुष्काळ, महागाई, तेल नाही, साखर नाही, रॉकेल नाही. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार समिती केली होती आणि बायका थाळी-लाटणं घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. मृणालताईंना आमच्या गोरेगावात पाणीवाली बाई म्हणायचे, त्यांनी आधी नळासाठीच भांडून भांडून नाव कमावलेलं. (सत्याहत्तरला त्या खासदार झाल्या आणि इंदिराबाई पडल्या तेव्हाची घोषणा आजी अजून म्हणायची, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.)

पण मला सांगायचंय ते वेगळं. आजी काही राजकारणातली नव्हती. चाळीत राहायची, चार मुलं, सासू अंथरुणाला खिळलेली. तिला मी एकदा विचारलं तू गेलीस कशी? तर म्हणाली, समितीतली एक बाई दारात आली, आत येऊन बसली, चहा घेतला, सासूची चौकशी केली आणि म्हणाली, "उद्या दुपारी एक वाजता निघू, जेवणं उरकलेली असतात. पोरं शाळेतून यायच्या आत परत आणून सोडते. भांडी आल्यावर घासू, तेवढं लाटणं बरोबर घे." बस. सासूपाशी शेजारच्या म्हातारीला बसवायची व्यवस्थापण त्या बाईनेच केली. आजी म्हणायची, नाही म्हणायला जागाच ठेवली नाही तिने.

तुमच्या मोर्चाचा निरोप ग्रुपवर गेला ना दादा? कुणाच्या घरात जाऊन बसलात का?

ते लाटणं आमच्याकडे अजून आहे. थाळीच्या काठावर आपटून आपटून मधोमध खाच पडलीये, पोळी लाटली की तिथे जाड राहते. आईने कितीदा टाकून द्यायचं म्हटलं, आजीने टाकू दिलं नाही, जाड पोळी खाल्ली.

झणझणीत_मिसळ

हे सगळं ठीक आहे पण मुळात मतदान करताना लोक कुठे विचार करतात, अमुक पक्षाच्या काळात

तिसरा_मजला

मिसळ, हात जोडतो, पक्ष नको.

आवक_जावक

तिसरा मजला, मी एका सरकारी कार्यालयात तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, त्यातली नऊ आवक-जावकला. त्यामुळे तुमच्या नऊ निवेदनांचं काय झालं असेल ते मला न बघता दिसतंय.

निवेदन येतं. त्यावर शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, रजिस्टरला नोंद होते. हे झालं तर. तुम्ही साहेबांच्या हातात देऊन फोटो काढलात तर ते साहेबांच्या टेबलावर राहतं, साहेब शिपायाला देतात, शिपाई कपाटावर ठेवतो. त्याचा जन्मच झाला नाही असं समजा. फोटो काढणारे लोक आम्हाला फार आवडायचे. समजा आवक झालं, तर साहेब कोपऱ्यात "तपासून सादर करा" लिहितात आणि ते कनिष्ठ अभियंत्याकडे जातं. तो तोंडी सांगतो, लाईन जुनी आहे, प्रेशर नाही, नवीन टाकीचा प्रस्ताव वर गेलाय. मग कागदावर येतं "दफ्तरी दाखल". म्हणजे मेलं. त्यात दुष्टपणा नसतो हो, एका टेबलावर तीन माणसांचं काम असतं आणि ज्या कागदामागे परत कुणी येत नाही तो आधी मरतो, एवढाच नियम.

तर आता काय करायचं. शनिवारी जाऊ नका. फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा आहे, बऱ्याच पालिकांनीही तोच घेतलाय, कुलपाला निवेदन देऊन काय मिळणार. सोमवारी जा, दुपारी तीन ते पाच. का? २६ नोव्हेंबर २०१८ ला सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक निघालंय की जिल्हा पातळीवरच्या आणि पालिकेच्या ऑफिसांत दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघायला उपलब्ध करून द्यायचे. फाईल समोर घेऊन बसायचं आणि वाचायची. सोमवारी सुट्टी असली तर पुढचा कामाचा दिवस. हे परिपत्रक ऑफिसात कुणाला माहीत नसेल, प्रिंट घेऊन जा.

फाईल बघितल्याशिवाय माहिती अधिकार टाकू नका. लोक रागाच्या भरात चाळीस प्रश्न टाकतात, "पाणी का येत नाही याची कारणे द्यावीत", त्याला उत्तर येतं की असा अभिलेख उपलब्ध नाही, विषय संपला. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. कागद मागा, कारण मागू नका. "अमुक तारखेच्या निवेदनावर झालेल्या टिपणीची प्रत", "चावी सोडण्याच्या वेळांचं रजिस्टर, अमुक महिन्याचं", असं. तीस दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील, तेही तीस दिवसांच्या आत, मग माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत. आयोगात तारीख पडायला किती वेळ लागेल ते विचारू नका, पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीला वरचा अधिकारी खालच्याला समोरासमोर विचारतो, आम्ही त्यालाच जास्त घाबरायचो.

आणि दफ्तर दिरंगाई म्हणून लोक ज्याला म्हणतात तो कायदा, २००५ चा, बदल्या आणि विलंबाचा. त्यात आहे की साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. नोकरीत असताना मी या कायद्याचा उल्लेख असलेलं पत्र एकूण दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ते पत्र दुपारच्या जेवणाआधी साहेबांच्या केबिनमध्ये गेलं.

जाता जाता. २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली, गावात ग्रामसभा तशी वॉर्डात क्षेत्रसभा. इथे कुणी स्वतः हजर राहिलंय का? मला खरंच ऐकायचंय, मी शोधतोय असा माणूस.

मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. मोर्चा आला की आम्ही खिडकीतून बघायचो आणि मोजायचो. अकरा जण म्हणजे चहा प्यायला खाली जायचं की नाही एवढाच विचार. पण अकरा जण अकरा सोमवार आले असते तर आमचा साहेब बदली मागून गेला असता.

कुडचडेकर

गोव्यातून लिहितोय. हल्लीचं एक. १ नोव्हेंबर २०२०, चांदरला रेल्वेच्या रुळावर हजारो लोक रात्रभर बसले होते, डबल ट्रॅकिंग नको म्हणून, मोलेच्या जंगलातून ट्रॅक, हायवे आणि विजेची लाईन जायची होती त्याच्याविरुद्ध. मेणबत्त्या, गाणी, म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन आलेल्या. दगड एक नाही. तरी पोलिसांनी गुन्हे नोंदवलेच, तेव्हा नाव नको ताईंची भीती खोटी नाही.

पण नुसते बसले नाहीत, आवक-जावक म्हणतायत तसं कागदाचं काम दुसरीकडे चालूच होतं. सुप्रीम कोर्टाच्या समितीपुढे हरकती गेल्या, समिती येऊन जंगल बघून गेली, आणि मे २०२२ ला कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे ट्रॅकची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रुळावर बसलेल्यांना कोर्टातली भाषा येत नव्हती आणि कोर्टात लढणाऱ्यांना तेवढी माणसं जमवता आली नसती. आमच्याकडे सुद्धा लोकांना सुशेगाद, म्हणजे आरामशीर, म्हणून हसतात हां.

खडूस_म्हातारा

आवक-जावक, दफ्तरी दाखल वाचून रक्तदाब वाढला. माझी सहा पत्रं आहेत एका कल्व्हर्टसाठी. सोमवारचं परिपत्रक खरं आहे?

आवक_जावक

खरं आहे. जाताना चष्मा न्या, झेरॉक्स फिकट असतात.

तिसरा_मजला

अपडेट देतो, दोन सोमवार जाऊन आलो.

पहिल्या सोमवारी "असं काही परिपत्रक नाही". प्रिंट दाखवली. "साहेबांना विचारावं लागेल." साहेब मीटिंगला. बसून राहिलो, साडेचारला हाकललं नाही पण दिवे बंद केले. मी, बी विंगचे दोन्ही काका आणि एक तळमजल्यावरच्या काकू, चौघं होतो. काकूंनी अंधारात विणकाम काढलं, दिवे परत लागले.

दुसऱ्या सोमवारी सहा जण गेलो. गोरेगावच्या नातीचं ऐकून रविवारी चार घरांत जाऊन बसलो होतो, त्यातून दोन मिळाले, एकाने तर हाफ डे टाकला. वॉचमनची बायको येते म्हणाली होती पण तिच्या कामाच्या वेळा जमत नाहीत, तिच्यासाठी वेळ बदलून घेता येईल का बघतोय. बाहेरच्या नळाचा ठराव मागे घ्यायचं पत्र कमिटीला दिलंय. त्यावरून ग्रुपवर जे भांडण झालंय ते मोर्चाच्या वेळी झालं असतं तर शंभर माणसं आली असती.

तर फाईल मिळाली. नऊपैकी पाचच निवेदनं सापडली. चारांना आवक क्रमांकच नाही, ती मी साहेबांच्या हातात देऊन फोटो काढलेली, बरोबर बोललात आवक-जावक. उरलेल्या पाचांतलं एक दुसऱ्याच प्रभागाच्या फाईलला. आणि मागच्या वर्षीच्या एका निवेदनावर शेरा आहे, जसाच्या तसा उतरवतो: "तक्रारदाराशी दूरध्वनीवरून संपर्क साधला असता तक्रारदाराचे समाधान झाले आहे. प्रकरण बंद करण्यास हरकत नसावी." खाली माझा मोबाईल नंबर लिहिलाय. नऊच आकडे आहेत.

मी ते पान दोनदा वाचलं. काकू शेजारून म्हणाल्या, "समाधान झालं होतं का हो तुमचं?"

आवक_जावक

त्या पानाची प्रमाणित प्रत मागितलीत का? तोंडी कबुलीवर जाऊ नका, पुढच्या सोमवारी ते पान फाईलमध्ये असेलच असं नाही.

तिसरा_मजला

तिथेच अर्ज लिहून दिला. पानाला दोन रुपये, पूर्ण फाईल सात पानांची, चौदा रुपये भरले, पावती घेतली. पंधराची नोट-नाणं दिलं, रुपया सुट्टा नाही म्हणाले.